कुणी समोर असलं की गरम होतं

पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीत दोन गोष्टी घरात साठत जातात. ओले कपडे आणि किस्से. कपडे निदान चार दिवसांनी कुबट वास मारून सांगतात तरी, की बाई, आता आम्हाला काढ. किस्से मात्र तसेच लोंबत राहतात. म्हणून आज एका दोरीवरचे सगळे काढायला घेतलेत.

मी वैशाली. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. बिल्डिंगमध्ये मला तोंडावर वैशालीवहिनी म्हणतात आणि मागे 'दुसऱ्या मजल्याचा सीसीटीव्ही'. म्हणेनात! समोरासमोर दारं असली की माणसानं बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच.

माझ्या समोरच्या दारात काकू आणि अण्णा. अण्णा शाळेत शिपाई होते. तीस वर्षं घंटा दिली, एका मिनिटाची चूक नाही. गावातली माणसं त्यांच्या घंटेवर घड्याळ लावायची म्हणे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो डावा हात, दोन डोळे आणि दीडची वेळ! मधल्या सुट्टीत दीड वाजता जेवायची सवय, ती काही गेली नाही. दीड वाजला की डोळे दाराकडे.

मुलगा एकच, निलेश. पुण्याला मोठ्या कंपनीत.

हे सगळं लिहायच्या आधी मी काकूंना विचारलं, "काकू, लिहू ना? निलेशनं वाचलं तर?"

काकू म्हणाल्या, "लिही गो. तो माझा दोन ओळींचा मेसेज वाचत नाही, तुझी चार पानं वाचणार!"

*

मशीन आलं तो किस्सा आधी.

अंथरुणावरचं माणूस म्हणजे रोजच्या दोन-तीन चादरी, पंचे, लुंग्या. त्यात आमचा पाऊस चार महिने हटत नाही. काकू घरभर दोऱ्या बांधायच्या. त्यांच्याकडे जायचं तर वाकून, ओल्या चादरी कपाळानं ढकलत जावं लागे. ओलसर चादरीवर निजून अण्णांच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, "कोरडं पाहिजे. औषध नंतर, आधी कोरडं."

काकूंनी निलेशला कळवलं. तो आला नाही, मशीन आलं! साधं नाही, धुवून वर गरम हवेनं वाळवूनही देणारं. दोन माणसांनी जिना चढवताना तीनदा खाली टेकवलं.

निलेशनं व्हिडिओ कॉलवर सगळं समजावलं. "आई, हे स्मार्ट मशीन आहे. वायफायला जोडलंय. याला जरा काही झालं ना, की लगेच मला इथे पुण्यात मोबाइलवर कळणार!"

काकूंनी मशीनवरून हात फिरवला. म्हणाल्या, "नशीब काढलंन हो यानं. मी बाथरूममध्ये पडले तेव्हा तुला चार दिवसांनी कळलं होतं."

*

दोन महिने मशीननं झकास काम केलं. चादरी अशा गरम निघायच्या की मीच एकदा गालाला लावून बसले. मग एक दिवस सकाळी बघतो तर आतून सगळं जसंच्या तसं ओलं. ड्रम फिरतोय, घरघर चालू, पण ऊब नाही.

कस्टमर केअरला फोन मी लावला, कारण माझं हिंदी बरं आहे. असं मला वाटतं.

"हॅलो, गरम नहीं होता जी. सुबह से थंडा पडा है."

तिकडची मुलगी म्हणाली, "नाम बताइए मॅडम." मी अण्णांचं नाव सांगितलं, पावती त्यांच्याच नावावर होती ना!

"और क्या तकलीफ है?"

"घरघर आवाज आता है. पानी नीचे से निकलता है. लेकिन हात लगाओ तो एकदम थंडा! कल तक अच्छा था."

एवढ्यात आतून काकूंचा आवाज, "अहो, तोंड उघडा ना! एवढं तरी घ्या!"

पोरगी घाबरलीच. "मॅडम, आप पहले पेशंट को हॉस्पिटल ले जाइए! ये तो वॉशिंग मशीन का नंबर है!"

मी म्हटलं, "तो मैं क्या बोल रही हूँ? मशीन ही थंडा है!"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. काकू नाही हसल्या. म्हणाल्या, "त्या परक्या पोरीला निदान हॉस्पिटल तरी सुचलं."

*

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मी फोन ठेवून दहा मिनिटं झाली नसतील, तोच निलेशचा फोन! दीड महिन्यानं!

"आई, मशीनला काय झालं? मला एरर आलाय. हीटिंगचा."

काकू अण्णांना पेज भरवत होत्या. म्हणजे भरवायचा प्रयत्न करत होत्या. अण्णांनी आठवड्यापासून जेवण टाकल्यातच जमा होतं. दोन चमचे झाले की ओठ मिटायचे. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. काकूंच्या हातात वाटी, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकला.

निलेशचा आवाज खोलीत आला आणि अण्णांनी मान वळवली. तो बोलत राहिला, फिल्टर बघ, प्लग काढून लाव, पाण्याचा नळ तपास. अण्णांनी तोंड उघडलं. काकूंनी चमचा घातला. तो बोलतोय, हे खातायत. सबंध वाटी संपली!

"बरं आई, कंपनीचा माणूस येईल. ठेवतो, मीटिंग आहे."

फोन बंद. अण्णांचं तोंडही बंद.

मी काकूंना म्हटलं, "काकू, त्याला सांगा ना सरळ. रोज दीडला पाच मिनिटं बोल म्हणावं. बाबा त्यावर जेवतात."

"सांगून झालंय गो मागे एकदा. रडला बिचारा. चार दिवस न चुकता केलान फोन. पाचव्या दिवशी मीटिंग आली."

*

कंपनीचा माणूस आला. त्यानं मशीनच्या वरच्या अंगाला असलेली जाळी ओढून काढली, तर तिच्यावर गोधडीएवढा जाड लोकरीसारखा थर! अण्णांच्या पंच्यांचा आणि जुन्या चादरींचा सगळा कापूस. ती जाळी रोज साफ करायची असते हे आम्हाला कुठे ठाऊक? काकूंना वाटलं होतं ती मशीनची शोभा.

त्यानं समजावलं ते मला पटलं. म्हणाला, "हीटर मेलेला नाही. इथून वारा जायला पाहिजे. वारा अडला की हीटरची उष्णता तिथेच कोंडते. मग काही जळू नये म्हणून आतला कट-आउट हीटर बंद करतो आणि मशीन एरर देतं. वारा मोकळा केलात की आपोआप गरम."

काकूंनी दोनदा विचारलं. "म्हणजे वारा अडला की एरर?"

"हो."

"आणि जाळीतलं काढलं की पुन्हा चांगलं? काही जळत-बिळत नाही ना?"

"नाही काकू. कट-आउट आहे ना."

मला तेव्हा वाटलं, बघा, सत्तरी आली तरी शिकायची हौस किती!

*

त्यानंतर आठ-पंधरा दिवस गेले आणि मशीन दर एक-दोन दिवसांनी बिघडू लागलं. तक्रार तीच, गरम होत नाही. आणि माणूस आला की ठणठणीत!

एक जण म्हणाला, कपडे जास्त भरताय, वाळवताना धुण्याच्या निम्मेच घाला. आता निम्मे म्हणजे किती? कपडे मोजायचे कशावर? दारात शेवंती मासेवाली बसली होती. मी तिच्या काट्यात ओल्या चादरी टाकल्या.

शेवंती ओरडली, "काय गो वैनी! बांगडं सोडून आता चादरी इकायच्या काय?" त्या दिवशी काकूंच्या चादरींना बांगड्यांचा वास, आणि चौथ्या मजल्यावरच्यांनी घेतलेल्या बांगड्यांना साबणाचा! त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरा म्हणाला, व्होल्टेज. झालं! आमचे सेक्रेटरी वाटच बघत होते. "तुम्ही ते वाळवण लावलं की माझा टीव्ही डोळे मिचकावतो." जिन्यातल्या बोर्डापुढे अर्धा तास उभे राहून त्यांनी निदान केलं, "म्हाताऱ्या माणसांनी असली मशीनं घेऊ नयेत. कपडे उन्हात वाळवावेत."

भर पावसाळ्यात! मी म्हटलं, "ऊन तुम्ही द्या, दोरी आम्ही बांधतो."

तिसरा आला, त्यानं तासभर मशीन चालवलं. गरमागरम वाफ. टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काकू, याचं काय आहे, कुणी समोर असलं की गरम होतं. एकटं पडलं की गार."

काकू अण्णांकडे बघून म्हणाल्या, "मग त्याचं काय चुकलं?"

*

निलेशचे फोन मात्र येत होते. त्याच्या मोबाइलवर एरर गेला की दहा मिनिटांत फोन.

एकदा मीच त्यात तोंड घातलं. "निलेश, एकदा येऊन जा रे. मशीनही बघशील, बाबांनाही."

"यायचं होतं हो वहिनी, पण घाटात दरड आलीय म्हणे."

"असेल बाबा," म्हटलं. फोन ठेवल्यावर काकू मला म्हणाल्या, "त्याच्या घाटात वर्षभर दरड असते. मे महिन्यात आमच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस झाला, तेव्हाही होती."

*

आता सुर्वे.

सुर्वे लोट्याला केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. शिफ्ट करून करून छाती बिघडली, तशी नोकरी सोडून इथे घरच्या घरी मिक्सर, पंखे, मशीनं दुरुस्त करतात. बोलणं कमी, खोकणं जास्त. कंपनीच्या माणसांना कंटाळून मीच त्यांना सांगितलं होतं. बाकी सगळे फोन करून यायचे. सुर्वे एका दुपारी न कळवता उगवले, कारण त्यांचा मोबाइल पावसात भिजला होता.

मशीन चालू होतं. काकू अण्णांजवळ वाटी-चमचा घेऊन बसल्या होत्या. मी दार उघडलं, सुर्वे थेट मशीनपाशी. काकू "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी जाळी बाहेर काढलीसुद्धा! आत हात घातला आणि एक पंचा काढला. अण्णांचा जुना पंचा. चार पदरी, कोपऱ्याला कोपरा लावून घातलेली घडी.

सुर्व्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंचा चेहरा पांढरा पडला.

मला काय सुचावं? म्हटलं, "उंदीर! आमच्याकडे पण फार झालेत मेले!"

सुर्व्यांनी ती घडी माझ्यापुढे धरली. "वहिनी, उंदीर कुरतडतो. इस्त्री करत नाही."

एवढ्यात फोन वाजला. "आई, परत एरर! कुणी बघायला आलंय का? त्यांना दे."

सुर्व्यांनी फोन घेतला. एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा त्या भरलेल्या वाटीकडे. फोन स्पीकरवर टाकून अण्णांच्या उशीशी ठेवला आणि खोकून म्हणाले, "साहेब, बिघाड मोठा आहे. बरीच माहिती लागेल तुमच्याकडून."

"विचारा ना."

"तुमच्याकडे पुण्यात पाऊस कसा आहे?"

मग सुर्व्यांनी काय काय विचारलं! तुमच्या घरी कुठलं मशीन, मुलगी कितवीला, तिची शाळा किती वाजता सुटते, लहानपणी तुम्ही कुठल्या शाळेत होतात, घंटा कोण द्यायचं. निलेश पंचवीस मिनिटं बोलला! अण्णांनी पेज संपवली, वर अर्धं केळं खाल्लं.

जाताना सुर्व्यांनी पंचा पुन्हा घडी करून काकूंच्या हातात दिला. म्हणाले, "दोनच पदरी ठेवा. चारानं हीटरला त्रास होतो."

आणि मी दोन महिने रोज त्या घरात! कसला सीसीटीव्ही नि कसलं काय!

*

पण सुर्व्यांची ती मदत अंगाशी आली. 'बिघाड मोठा आहे' हे निलेशनं मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात खाली टेम्पो उभा. नवं मशीन आलं, जुनं त्याच टेम्पोतून परत गेलं. नव्याला जाळीच नाही! आतला कापूस आपला आपण धुऊन टाकतं. पंचा कोंबायला फटसुद्धा नाही.

निलेशचा आनंदानं फोन. "आई, एकदम टॉप मॉडेल. आता दहा वर्षं मला फोन करायची वेळ यायची नाही बघ!"

काकू "बरं" म्हणाल्या.

मी टेम्पोवाल्याला चहा दिला तेव्हा सहज विचारलं, "कुठून आलात?"

"पुण्याहून. घाटातून."

"दरड?"

"नाय वो! रस्ता एकदम क्लिअर!"

*

अकरा दिवस फोन नाही. काकूंनी केला तर 'मीटिंगमध्ये आहे'. अण्णांचा घास पुन्हा दोन चमच्यांवर आला.

मी शक्कल लढवली. निलेशचा जुना व्हॉइस मेसेज शोधून दीड वाजता लावला. अण्णांनी एकदा ऐकला, तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी तोच लावला, तर भिंतीकडे मान फिरवली. तीस वर्षं पोरांची खोटी पोटदुखी ओळखलेला माणूस, त्याला काय फसवते मी!

डॉक्टर नळीची तारीख सांगून गेले. सोमवारी.

शनिवारी काकू मला म्हणाल्या, "सुर्व्यांना बोलाव."

सुर्वे आले, पिशवी ठेवली. "काय तक्रार?"

काकू म्हणाल्या, "गरम होतं."

सुर्व्यांनी मशीनच्या काचेला हात लावून बघितला.

"सुर्वेभाऊ, दुरुस्त करणारी माणसं मी खूप बघितली. तुम्हाला बिघडवता येतं का?"

सुर्व्यांनी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. मग मागचं झाकण उघडलं. आतल्या दोन बारीक वायरी शोधून नुसत्या सोलल्या, त्यांना दुसरी लांब दुपदरी वायर जोडली आणि ती दाराच्या चौकटीवरून, भिंतीच्या कडेनं अण्णांच्या पलंगापर्यंत आणली. पिशवीतून दारावरच्या बेलचं बटण काढलं, आपल्या नेहमीच्या पांढऱ्या बटणासारखंच. म्हणाले, "हे दाबून धरलं की मशीनला आपण किती तापलोय ते कळायचं नाही. सोडलं की कळेल. नुकसान काही नाही." आणि ते अण्णांच्या डाव्या हाताशी पलंगाच्या पट्टीवर स्क्रूनं बसवलं.

अण्णांनी त्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

सोमवारी डॉक्टर आले आणि नळी तशीच परत घेऊन गेले.

आता रोज दुपारी एकला मी जाऊन मशीन लावते. आत चादरी असोत नसोत. काकू पेज निववत बसतात. काल मी तिथेच होते. फोन वाजला, काकूंनी स्पीकरवर टाकला. निलेश नुसता वैतागला होता.

"आई, हे पण मशीन तसलंच निघालं! आणि मला एक कळत नाही, रोज बरोबर दीडलाच कसं बिघडतं गं? एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!"

काकूंनी पहिला चमचा भरला. म्हणाल्या, "मधली सुट्टी असते रे त्याची."